‘घाबरल्यासारखं होतंय’ हे इंग्रजीत कसं सांगाल?

परदेशी मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांना मी इंग्रजी संभाषण शिकवते. विमानतळ, दुकान, शेजारपाजार एवढं जमलं की झालं, असं म्हणत ही मंडळी येतात. पूर्वी मीही तेवढंच शिकवायचे. वर्गातल्या एका काकूंच्या अनुभवानंतर मात्र पहिले चार तास मी फक्त श्वास आणि शरीर यांवर घालवते.

काकू मुलीकडे इंग्लंडला गेल्या होत्या. एके दिवशी सकाळपासून त्यांना घाबरल्यासारखं होत होतं. मुलगी त्यांना डॉक्टरांच्या दारात सोडून गाडी लावायला गेली आणि तेवढ्यात आतून नाव पुकारलं. काकूंनी शब्दाला शब्द जोडला : ‘आय ॲम फीलिंग अफ्रेड.’ डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. कशाची भीती वाटते, घरी सगळं ठीक आहे ना, कुणी त्रास देतं का, असं ते मायेनं विचारू लागले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अफ्रेड म्हणजे भ्यालेला माणूस. काकू भ्याल्या नव्हत्याच. त्यांची छाती धडधडत होती, दहा पावलं चाललं की धाप लागत होती आणि घाम फुटत होता. मुलीनं आत येऊन या तीन गोष्टी सांगितल्या आणि लगेच ईसीजी काढायची धावपळ सुरू झाली.

‘घाबरणं’ हा आपला शब्द एकाच वेळी मनाचा आणि छातीचा आहे. ‘जीव घाबरा होतो’, ‘कासावीस होतं’, ‘कसंतरीच होतंय’ ही वाक्यं आपल्या गावच्या डॉक्टरांना पुरतात, कारण त्यांची आईही तेच म्हणते. इंग्रजीत या अवस्थेला एक शब्द नाही, म्हणून तो शोधूच नका. तिचे तुकडे करा. छाती धडधडतेय का? ‘माय हार्ट इज पाउंडिंग.’ श्वास अपुरा पडतोय? ‘आय ॲम शॉर्ट ऑफ ब्रेथ.’ गार घाम आलाय? ‘आय ॲम इन अ कोल्ड स्वेट.’ मळमळतंय? ‘आय फील नॉशिअस.’ डोळ्यांपुढे अंधारी येतेय? ‘आय फील फेंट.’ यातलं जे खरं असेल तेवढंच सांगा. नुसतं ‘अनईझी’ म्हणून थांबलात, तर डॉक्टरांना पहिल्यापासून सगळं विचारत बसावं लागेल.

आता श्वासाकडे. इथे पहिली अडचण उच्चाराची. ‘ब्रेथ’ हे नाम, म्हणजे श्वास. त्यातला ‘ए’ आखूड, आणि शेवटी जीभ दातांच्या फटीत ठेवून नुसती हवा सोडायची. ‘ब्रीद’ हे क्रियापद, म्हणजे श्वास घेणं-सोडणं. त्यात ‘ई’ लांब, जीभ तिथेच, पण आवाज घुमवायचा. गळ्यावर बोटं ठेवली तर थरथर लागते. लिहिताना क्रियापदाच्या शेवटी एक ‘ई’ अक्षर जास्त असतं. आमच्या वर्गात हे लक्षात ठेवायला सोपी युक्ती आहे : आपलं ब्रीदवाक्य, त्यातला ‘ब्रीद’. तसा उच्चार केला तरी ऐकणाऱ्याला कळतं. ‘आय कान्ट ब्रेथ’ म्हणालात तर समोरच्याला अर्थ लावावा लागतो, आणि तशा वेळी एवढा वेळही नसतो.

‘आय कान्ट ब्रीद’ हे वाक्य मात्र राखून ठेवा. खरोखर श्वास घेता येत नसेल तेव्हाच ते उच्चारायचं. जिना चढताना दम लागतो एवढंच असेल तर ‘आय गेट आउट ऑफ ब्रेथ ऑन द स्टेअर्स’ म्हणा. बसल्याजागी, विनाकारण श्वास लागत असेल तर ‘शॉर्ट ऑफ ब्रेथ, ईव्हन ॲट रेस्ट’. या दोन वाक्यांतला फरक डॉक्टरांसाठी फार मोठा असतो. ते पुढे विचारतील, आडवं झाल्यावर वाढतं का, झोपताना किती उशा लागतात. उशांचा आणि श्वासाचा काय संबंध, असं वाटून आपले लोक गोंधळतात. पण हृदयावर ताण असेल तर सपाट झोपल्यावर श्वास लागतो आणि माणूस नकळत एकावर एक उशी चढवत जातो. ‘थ्री पिलोज’ एवढं उत्तरही पुरतं. रात्री धाप लागून उठून बसावं लागत असेल तर ‘आय वेक अप गॅस्पिंग’.

छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो ‘व्हीझ’. धावून आल्यावर तोंडानं जोरजोरात श्वास घेणं म्हणजे ‘पँटिंग’. दमा या अर्थाचा ‘ॲस्मा’ हा शब्द ग्रीकमधून आला, त्याचा मूळ अर्थ धाप लागणं हाच. आपला ‘दमा’ही फारसीतल्या ‘दम’ म्हणजे श्वास यावरून आलेला. दोन टोकांच्या भाषांनी या आजाराला एकाच खुणेवरून नाव दिलं, हे सांगितलं की वर्गातल्या दम्याच्या पेशंटना तो इंग्रजी शब्द कायमचा पाठ होतो.

गुदमरणं आणि ठसका यांत मात्र जपून. बंद खोलीत आपण ‘गुदमरल्यासारखं होतंय’ म्हणतो, आपल्याला खिडकी उघडून हवी असते. त्याला ‘इट्स स्टफी इन हिअर’ म्हणायचं. ‘आय ॲम सफोकेटिंग’ असं फोनवर म्हणालात तर पलीकडचा माणूस रुग्णवाहिका बोलावील. पाणी पिताना ठसका लागला तर ‘इट वेंट डाउन द राँग वे’. ‘चोकिंग’ त्याहून फार गंभीर : घास घशात अडकून हवाच बंद झालेली. अशा माणसाला बोलता येत नाही, तो दोन्ही हातांनी गळा धरतो. त्यामुळे हा शब्द त्या माणसाच्या काही कामाचा नाही, तो शेजारी बसलेल्याला यायला हवा. ‘ही इज चोकिंग!’ असं जोरात ओरडायचं.

आणि आपला कफ! हा शब्द सगळ्यात जास्त घोटाळा करतो. मराठीत कफ म्हणजे छातीत साठणारा चिकट बेडका. इंग्रजीत खोकल्याला जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘कॉफ’. आपण मात्र औषधाच्या बाटलीमुळे ‘कफ सिरप’ म्हणायला शिकलो. ‘आय हॅव कफ’ म्हटलं की डॉक्टरांना खोकला ऐकू येतो आणि पुढचा प्रश्न येतो, कोरडा आहे का. आपण बिचारे ‘नो नो, कफ’ म्हणत राहतो. ज्याला आपण कफ म्हणतो तो ‘फ्लेम’. त्यातला ‘ए’ आखूड ठेवा. लांबवलात तर ती ज्योत होते. मग रंग सांगा. पांढरा, पिवळा, हिरवा, किंवा रक्ताची तार असलेला : ‘आय ॲम कॉफिंग अप यलो फ्लेम’, ‘देअर इज ब्लड इन इट’. डॉक्टर ‘स्प्यूटम’ म्हणाले तर तीच वस्तू, फक्त तपासणीच्या डबीतली.

शरीराचे भाग इंग्रजीत पाठ असतात, तरी चुका होतात, कारण मराठी आणि इंग्रजी शरीराची वाटणी वेगवेगळी करतात. आपला हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एकच. इंग्रजीत मनगटाच्या खालचा तेवढा ‘हँड’, वरचा सगळा ‘आर्म’. छातीत दुखून डावा हात भरून आला असेल आणि तुम्ही ‘पेन इन लेफ्ट हँड’ म्हणालात, तर ऐकणारा तुमचा पंजा पाहील. ‘लेफ्ट आर्म’ म्हणा. दुखणं जबड्यापर्यंत जात असेल तर ‘अँड इट स्प्रेड्स टु माय जॉ’ हेही जोडा. माझ्या वर्गातून कुणी एकच वाक्य घेऊन जाणार असेल, तर ते हे असावं.

पायाचंही तसंच. घोट्याच्या खाली ‘फूट’, वर ‘लेग’. ‘पाय सुजलेत’ म्हणताना पावलं, घोटे की गुडघ्यापर्यंत, ते वेगळं सांगावं लागतं : ‘फीट’, ‘अँकल्स’, ‘लेग्ज’. अंगठ्यानं दाबल्यावर खळगा पडून राहतो का, तेही बघून ठेवा, डॉक्टर तेच करून पाहणार आहेत. पायाच्या बोटांना ‘फिंगर’ म्हणत नाहीत, ती ‘टोज’. हाताचा अंगठा ‘थम्ब’, पायाचा ‘बिग टो’. कंबर दुखते याचं ‘माय वेस्ट इज पेनिंग’ करू नका. शिंप्याची टेप फिरते ती ‘वेस्ट’; उसण भरते ती ‘लोअर बॅक’.

पोटासाठी ‘स्टमक’ चालतो, पण तो अपुरा. इंग्लंडात डॉक्टर मोठ्या माणसांशी बोलतानाही ‘टमी’ म्हणतात, तेव्हा तो शब्द बाळबोध वाटून घेऊ नका. खरी मदत बेंबीची होते. ‘बेली बटन’च्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, असं बोट ठेवून सांगा. ‘इट स्टार्टेड अराउंड द बेली बटन अँड मूव्ह्ड डाउन टु द राइट’ हे ऐकलं की डॉक्टरांच्या मनात अपेंडिक्सची शंका येतेच. जांघेचा घोळ आणखी निराळा. मराठीत जांघ म्हणजे पोट आणि मांडी मिळतात तो सांधा, इंग्रजीत ‘ग्रॉइन’. हिंदीत मात्र जाँघ म्हणजे मांडी. हर्नियाची गाठ दाखवायला गेलेल्या एका आजोबांना हिंदी दुभाषी मिळाला आणि त्याने इमानदारीनं ‘थाय’ सांगितलं.

आता आपल्या भाषेतलं ‘येणं’. ताप येतो, चक्कर येते, डोळे येतात, तोंड येतं, पायात गोळे येतात, अंग मोडून येतं. इतकं सगळं आपल्याकडे येत असतं, आणि इंग्रजीत यातलं एकही येत नाही. डोळे आले तर ‘आय हॅव कंजंक्टिव्हायटिस’, अमेरिकेत ‘पिंक आय’ म्हटलं तरी कळतं. तोंड आलं तर ‘माउथ अल्सर्स’. पोटरीत गोळा आला तर ‘क्रॅम्प इन माय काफ’. ‘बॉल’ किंवा ‘लम्प’ म्हणालात तर गाठ समजतील आणि तुम्हाला नको त्या तपासण्यांना पाठवतील. शिरेवर शीर चढली तरी तो स्नायूचाच क्रॅम्प, त्यात ‘व्हेन’ आणू नका. चक्करचे दोन प्रकार सांगता आले पाहिजेत. खोली फिरते ती ‘द रूम इज स्पिनिंग’. उभं राहिल्यावर डोकं हलकं होतं ते ‘लाइटहेडेड’. घसा बसला म्हणजे ‘आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस’, घसा दुखतो म्हणजे ‘सोअर थ्रोट’. मुंग्या येतात तेव्हा ‘पिन्स अँड नीडल्स’, बधिर झालंय तेव्हा ‘नम्ब’. या दोन्हींत डॉक्टर फरक करतात, आपणही करायला हवा.

पित्ताबद्दल तर स्वतंत्र तास लागतो. ‘पित्त झालंय’ म्हणजे घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं : ‘हार्टबर्न’ किंवा ‘ॲसिड रिफ्लक्स’. नावात हार्ट असलं तरी हा हृदयाचा आजार नव्हे, हे ऐकून पुष्कळांना हायसं वाटतं. ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणजे लालसर, खाजणाऱ्या गांधी : ‘हाइव्ह्ज’. उलटीत पित्त पडलं तर तिथे मात्र ‘बाइल’ हा शब्द बरोबर. मराठीत एकच शब्द, इंग्रजीत तीन वेगळ्या तक्रारी आणि त्यांची औषधंही वेगळी.

दुखणं कसं आहे हे सांगण्यात मराठी इतकी श्रीमंत आहे की इंग्रजीत गेल्यावर माणूस मुका होतो आणि नुसतं ‘पेन, पेन’ म्हणत राहतो. आपली समज तीच आहे, फक्त जोड्या लावून घ्या. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’. कळ म्हणजे ‘शूटिंग पेन’, सुरी खुपसल्यासारखी असेल तर ‘स्टॅबिंग’. आग ‘बर्निंग’, चुणचुण ‘स्टिंगिंग’, मुरडा ‘क्रॅम्पिंग’, मंद दुखत राहणं ‘डल एक’. हात लावल्यावरच दुखतं ते ‘टेंडर’. छाती आवळल्यासारखी वाटते तेव्हा ‘टाइटनेस’, दगड ठेवल्यासारखी वाटते तेव्हा ‘हेवी’ किंवा ‘प्रेशर’. आपल्याकडची माणसं छातीतल्या या आवळण्याला दुखणं म्हणत नाहीत. ‘चेस्ट पेन आहे का’ असं विचारलं की ‘नो’ म्हणून मोकळी होतात, कारण दुखत नसतं, जड झालेलं असतं. म्हणून ‘नो पेन, बट टाइटनेस’ हे चार शब्द पाठच करून घ्या.

व्याकरणाच्या तीन गोष्टी तेवढ्या सांगते, बाकीच्या चुका झाल्या तरी अडत नाही. ‘पेनिंग’ म्हणू नका. ‘माय नी हर्ट्स’ म्हणा. ‘सिन्स थ्री डेज’ नव्हे. दिवस मोजून सांगायचे तर ‘फॉर थ्री डेज’, वार सांगायचा तर ‘सिन्स मंडे’. आणि ‘आय हॅव बीपी, आय हॅव शुगर’ हे अर्धंच वाक्य. रक्तदाब प्रत्येकालाच असतो. ‘हाय ब्लड प्रेशर’, ‘डायबिटिस’ असं पूर्ण नाव घ्या.

देशादेशांतही फरक आहेत. ‘आय वॉज सिक’ याचा अर्थ अमेरिकेत मी आजारी होतो, इंग्लंडात बहुधा मला उलटी झाली. इंग्लंडात ‘सर्जरी’ला बोलावलं तर दचकू नका, तिथे डॉक्टरांच्या दवाखान्यालाच तो शब्द आहे. जुलाबाला आपण ‘लूज मोशन’ म्हणतो, तिकडे ‘डायरिया’ म्हणा. ‘शी हॅज अ टेम्परेचर’ म्हणजे तिला ताप आहे. पण आकडा सांगताना जपा : इंग्लंडात ताप सेल्सिअसमध्ये मोजतात, अमेरिकेत आपल्यासारखा फॅरनहाइटमध्ये. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला इंग्लंडातही तेच नाव, पण अमेरिकेत तेच औषध ॲसिटामिनोफेन या नावानं मिळतं. म्हणून रोजच्या गोळ्यांची यादी करताना इथल्या कंपन्यांची नावं नकोत, घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. तारीखही अंकांत लिहू नका. ५/६ म्हणजे अमेरिकेत मे महिन्याची सहा तारीख.

योग शिकवणाऱ्यांना आणि प्राणायामाच्या वर्गाला जाणाऱ्यांना लागणारे शब्द थोडेच आहेत. पूरक ‘इनहेलेशन’, रेचक ‘एक्सहेलेशन’, कुंभक ‘रिटेन्शन’. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९८१च्या ‘लाइट ऑन प्राणायाम’मध्ये हेच शब्द आहेत. बोलताना ‘ब्रीद इन, ब्रीद आउट’ जास्त सहज. छाती तपासताना डॉक्टरही तेच म्हणतील, आणि एक्स-रे काढताना ‘होल्ड युअर ब्रेथ’.

हाच शब्दप्रयोग उलटा करून ‘डोन्ट होल्ड युअर ब्रेथ’ म्हटलं की श्वासाचा संबंध संपतो. अर्थ होतो, फार आशा लावून बसू नका. ‘अंडर हर ब्रेथ’ म्हणजे पुटपुटत. ‘सेव्ह युअर ब्रेथ’ म्हणजे बोलून उपयोग नाही. ‘ब्रेथटेकिंग’ हे देखाव्याचं कौतुक. धाप लागलेल्या माणसाला ‘ब्रेथलेस’ म्हणायचं. लॅटिनमध्ये श्वास घेण्याचं जे क्रियापद, त्यातून ‘इन्स्पायर’ आलं, ‘एक्स्पायर’ही आलं आणि ‘कॉन्स्पायर’ही, म्हणजे एकत्र श्वास घेणारे कटवाले. संस्कृतात श्वस् या धातूतून विश्वास आला. मला ही जोडी फार आवडते, म्हणून इथे थोडी थांबले. कामाची गोष्ट एवढीच की ‘ही एक्स्पायर्ड’ हे आपण आदरानं म्हणतो, पण तिकडच्या कानाला पासपोर्टची मुदत संपल्यासारखं लागतं. ‘ही पास्ड अवे’ म्हणा.

एवढं करूनही सुचेनासं झालं तर दुभाषी मागा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तो पेशंटला फुकट मिळतो, अमेरिकेतही सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना द्यावा लागतो. भेटीची वेळ घेतानाच ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर’ असं भाषेचं नाव घेऊन सांगा, नाहीतर गृहीत धरून हिंदी दुभाषी जोडून देतील आणि मग ती जांघ.

शेवटी एक कागद. तो मी प्रत्येकाकडून वर्गातच लिहून घेते आणि फ्रिजवर लावायला सांगते. वर त्या देशाचा नंबर : इंग्लंडात ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्य. त्याखाली मुलाच्या घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत, जिन्याच्या किंवा फाटकाच्या खुणेसह. फोन लागला की पलीकडून जे प्रश्न येतात त्यांत हा हमखास असतो : ‘इज ही ब्रीदिंग?’ छातीकडे बघा. उत्तर ‘यस’, ‘नो’ किंवा ‘यस, बट विथ डिफिकल्टी’. पुढे विचारतील, ‘इज ही अवेक?’ हाक मारून बघा आणि सांगा. वाक्य पूर्ण करायच्या नादात वेळ घालवू नका, सुटे शब्दही चालतात. त्यांनी सांगेपर्यंत फोन ठेवू नका, आणि जाऊन दाराची कडी काढून ठेवा.